भांडवलाची पंगत

कोल्हापुरात पैसा नाही असे जो म्हणतो, त्याने एक तर गुजरीतील पेढ्यांच्या तिजोऱ्या पाहिलेल्या नसतात, किंवा उसाचे बिल खात्यावर जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकलींच्या दुकानासमोर उसळलेली गर्दी पाहिलेली नसते. आणि कोल्हापुरात पैसा मागितल्याबरोबर मिळतो असे जो म्हणतो, त्याने तो कधी मागितलेलाच नसतो. येथील मनुष्य दिलदार आहे ह्याविषयी वाद नाही. अनोळखी पाहुण्याला तो आग्रह करकरून तांबडा-पांढरा रस्सा पाजील, खासबागेच्या मैदानात एखाद्या पोराने देखणी कुस्ती केली तर खिशातली नोट काढून त्याच्या हातावर ठेवील, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी वर्गणी देताना पावतीवरचा आकडाही वाचणार नाही. परंतु ह्याच मनुष्याला 'आमच्या धंद्यात थोडे भांडवल घालता का' असे विचारले, की तो एकाएकी इतका चिंतनशील होतो, की आपण त्याच्याकडे पैसे मागितले की मोक्षाविषयीचे मत, असा संभ्रम पडावा.

मी उद्यमनगरातील एका फौंड्रीत उभी हयात हिशेबनीस होतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ह्या चतुःसीमेच्या बाहेर माझी बुद्धी कधी फिरकली नाही, आणि ती फिरकावी असे मालकांनाही कधी वाटले नाही. अशा इसमाला निवृत्तीनंतर, म्हणजे रंकाळ्याच्या कठड्यावर बसून महागाईविषयी मते मांडण्याच्या वयात, एका कंपनीचे मुख्य वित्त अधिकारीपद प्राप्त होणे हा योग केवळ भाचा असल्यानेच येऊ शकतो. आमचे भाचेसाहेब पुण्यात अभियंता होऊन, तेथेच काही काळ दुसऱ्याची चाकरी करून, आणि दुसऱ्याची चाकरी आपल्या प्रतिभेस मानवत नाही अशी खात्री पटवून घेऊन राजारामपुरीत परत आले, ते कंपनी स्थापन करूनच.

"मामा, तुम्ही आमचे सीएफओ."

"म्हणजे करायचं काय?"

"सह्या."

"पगार?"

"पगार नाही. हिस्सा आहे. पाव टक्का."

"कशाचा?"

हा प्रश्न त्यांच्या पिढीत विचारीत नसावेत, कारण भाचेसाहेब नुसतेच हसले. मात्र माझ्या नावाखाली तीन अक्षरे छापलेले कार्ड त्यांनी हाती ठेवले, आणि मरेपर्यंत 'हिशेबनीस' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा तात्त्विक विरोध त्या कार्डाच्या गुळगुळीत कागदावरून अलगद घसरून गेला. सौभाग्यवतींनी ते कार्ड चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचले, "पोलीस आले तर सापडायला कुणीतरी वडीलधारं लागत असेल," एवढाच अभिप्राय दिला, आणि गॅसच्या नंबराचा कागद ज्या लोहचुंबकाखाली असतो त्याच्याखाली ते फ्रिजवर लावून टाकले.

कंपनीचा माल म्हणजे एक यंत्र. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात, रस आटत आटत तांबूस होतो, आणि मग एक क्षण असा येतो, की त्या क्षणी काहिल उतरवली तर गूळ, आधी उतरवली तर काकवी, आणि उशिरा उतरवली तर केवळ पश्चात्ताप. हा क्षण ओळखणारा पुरुष म्हणजे गुळव्या. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो, ती काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकतो, आणि मग "उतरा" म्हणतो. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या तीन अक्षरांवर टांगलेले असल्यामुळे गुऱ्हाळाच्या हद्दीत त्याच्यापुढे कलेक्टरनेही आवाज चढवू नये असा संकेत आहे. भाचेसाहेबांच्या मते ह्या समग्र विद्येचे सार '118 अंश सेल्सिअसच्या आसपास' एवढ्या चार शब्दांत असून, तितकी उष्णता झाली की भोंगा वाजवणारे एक यंत्र त्यांनी सिद्ध केले होते. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट तर ते जणू स्वतःच्या यंत्राला मिळालेले प्रशस्तिपत्र असावे अशा आवाजात सांगत.

प्रथम आम्ही गावातच प्रयत्न केला, कारण गावात एसटीचे भाडे लागत नाही. गुजरीतील एका सराफांशी माझा त्यांच्या वडिलांपासूनचा परिचय. त्यांनी आम्हांला गादीवर बसवले, चहा सांगितला, यंत्र हातात घेतले, आणि जन्मजात सवयीने आधी त्याचे वजन अजमावले.

"तारण काय?"

"तारण नाही, काका," भाचेसाहेब उत्साहाने म्हणाले. "हे कर्ज नाहीच. भागभांडवल आहे. कंपनी बुडाली तर पैसे परत करायचे नसतात."

सराफ बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हिशेबनीस, मुलगा सरळ आहे. बुडवणार म्हणून आधीच सांगतोय." आणि थोड्या वेळाने, "आणखी कोण कोण देतंय?"

"तुम्हीच पहिले."

"मग असं करा. दुसरा कोण मिळाला की या."

एका पतसंस्थेचे अध्यक्ष ह्याहून मोकळे निघाले. ते म्हणाले, संस्था तरुणांच्या पाठीशी नेहमीच उभी असते. फक्त दोन पगारदार जामीनदार आणावेत. आता भाचेसाहेबांचे यच्चयावत मित्र स्वतः कंपन्यांचे संस्थापक असल्यामुळे त्यांच्यापैकी कोणालाही पगार नव्हता. शिरोळकडचे एक बागायतदार पाहुणे तर पैसे द्यायला तयारही झाले. भाचेसाहेबांचे घराणे, आजोळ, पणजोळ आणि शेतजमिनीचा सातबारा ह्यांची तोंडी तपासणी करून ते म्हणाले, "यंत्राचं मला काय कळत न्हाई. पर आमच्या थोरल्या भावाची पोरगी हाय, एमएस्सी झालीया. ते जोडून टाकू. मग घरातल्या घरात पैशाला न्हाई कोण म्हणतंय?" परतीच्या वाटेवर जयसिंगपूर मागे पडेपर्यंत भाचेसाहेब गप्प होते. मग म्हणाले, "मामा, हे फारच डायल्यूशन झालं."

सर्वांत अवघड प्रसंग आणला तो माझ्या मावसबहिणीने. तिने पितळी डब्यातून नोटा आणल्या, त्याही निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हेतूंनी बाजूला ठेवलेल्या असल्यामुळे निरनिराळ्या रुमालांत बांधलेल्या, आणि "पोराला दे," म्हणाली. एवढ्या सगळ्या भ्रमंतीत न मागता पैसे देणारी ही एकच व्यक्ती. आणि तिला नकार देण्याचे काम कायद्याने माझ्याकडे आलेले. मी समजावले, की 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअरचे पैसे रोखीने घेता येत नाहीत, ते बँकेमार्फतच यावे लागतात, त्यांना स्वतंत्र खाते लागते, 60 दिवसांच्या आत शेअर वाटावे लागतात, आणि अशा खाजगी वाटपात एका आर्थिक वर्षात 200 पेक्षा जास्त माणसांना विचारताही येत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे माझे पैसे खोटे?"

"खोटे नव्हेत गं, रोख आहेत."

"रोख आहेत म्हणून नकोत?"

ह्यावर कंपनी कायद्यात उत्तर नाही. तिने रुमाल पुन्हा बांधले. आपल्या शिकलेल्या भावाला पैशातले काही कळत नाही, ही वार्ता तिने त्याच संध्याकाळी उभ्या भाऊबंदकीत पोचवली.

एकंदरीत माझ्या ध्यानात असे आले, की भांडवलाची गोष्ट लग्नाच्या पंगतीसारखी आहे. पाने मांडून झालेली असतात, वाढपी पळ्या घेऊन उभे असतात, पोटात कावळे ओरडत असतात, परंतु पहिल्या पाटावर जाऊन बसायला कोणी तयार नसते. "तुम्ही बसा," "छे, तुम्ही आधी," असे करीत वऱ्हाड खांबाला टेकून उभे. आणि एक कोणी धीट म्हातारा धोतर सावरून खाली बसला, की मात्र जागेसाठी अशी झुंबड उडते की नवरदेवाच्या मामालाही पान मिळू नये.

ह्या नगरीत असे धीट लोक पूर्वी होऊन गेले, हेही सांगितले पाहिजे. बाबुराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हा देशात चित्रपटाचा धंदा जेमतेम चालायला शिकत होता. कॅमेराही त्यांनी साथीदारांच्या मदतीने येथेच, स्वतःच्या हातांनी तयार केलेला. अशा माणसाला पैसा कोणी द्यावा? दिला तो तानीबाई कागलकर ह्या गायिकेने. त्यांनी बाजारपेठेचा आकार विचारल्याची नोंद नाही. 1920 साली त्या कंपनीचा 'सैरंध्री' पुण्यात लागला, आणि पुढे 1925 साली बाबुरावांनी 'सावकारी पाश' काढला; म्हणजे उसन्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपनीने उसन्या पैशाचे दुष्परिणाम जनतेला दाखवले, आणि त्यात नाडल्या गेलेल्या तरुण शेतकऱ्याचे काम केले व्ही. शांताराम ह्यांनी. ह्याच शांतारामांनी दामले, फत्तेलाल आणि धायबर ह्यांच्यासह 1 जून 1929 रोजी प्रभात फिल्म कंपनी काढली, तेव्हा पाचवे भागीदार म्हणून पैशाची बाजू उचलली ती सीताराम कुलकर्णी ह्या सराफांनी. सावकारीचा पाश पडद्यावर भोगलेला नट चार वर्षांत सराफाशी भागी करतो, ह्यावरून भांडवलाची गरज कलेच्या उपदेशापेक्षा बलवत्तर असते एवढे ठरते. पलीकडे औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा अशीच. लोखंडी नांगराने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज, त्यामुळे पहिले नांगर खपेपर्यंत दोन वर्षे गेली. तरी 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ त्यांच्या हवाली केला. राजाला बहुधा 'आणखी कोण देतंय' असे विचारण्याची सोय नसते.

मी हा सगळा इतिहास गुजरीतल्या सराफांना ऐकवला. त्यांनी मन लावून ऐकला, सीतारामपंतांविषयी आदर व्यक्त केला, आणि विचारले, "मग दुसरा कोण मिळाला का?"

गावात जमेना, तेव्हा भाचेसाहेबांनी मोर्चा पुण्या-बंगळुराकडे वळवला. तेथे तोंडी बोलण्याला किंमत नाही. सगळे पडद्यावरच्या चित्रांतून सांगावे लागते. त्यातल्या एका चित्रात तीन वर्तुळे होती, एकात एक बसवलेली, आणि सर्वांत बाहेरचे वर्तुळ म्हणजे आमचा बाजार. तो कसा काढला ते मी विचारले. भारतात जितकी माणसे गूळ खातात तितक्यांना गुणिले गूळ, असे त्याचे ढोबळ स्वरूप निघाले. मी म्हणालो, "पण यंत्र खाणाऱ्याला विकायचंय की करणाऱ्याला?" भाचेसाहेबांनी वर्तुळ किंचित लहान केले, माझे समाधान व्हावे म्हणून, खात्री पटली म्हणून नव्हे.

धीर यावा म्हणून ते मला अमेरिकेतील एक गोष्ट पुनःपुन्हा सांगत. जॉर्ज डोरिओ नावाच्या प्राध्यापकांनी 1946 साली जोखमीच्या धंद्यांना भांडवल पुरवणारी एक कंपनी स्थापन केली, आणि तिने 1957 साली डिजिटल इक्विपमेंट नावाच्या नवजात कारखान्यात 70,000 डॉलर घातले, त्याचे पुढे कोट्यवधी डॉलर झाले. गोष्ट खरी आहे. परंतु मी जन्माचा हिशेबनीस. मी विचारले, की त्या 70,000 च्या बदल्यात त्यांनी हिस्सा किती घेतला? सत्तर टक्के. "म्हणजे कारखाना काढणाऱ्यांच्या हातात उरलं काय?" भाचेसाहेबांनी ती गोष्ट सांगणे त्यानंतर बंद केले.

मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होत. पलीकडे बहुधा एखादा पंचविशीतला तरुण, अंगात बनियनवजा शर्ट, मागे पुस्तकांचे कपाट. आणि अलीकडे आम्ही दोघे, त्यांपैकी मी नातवाच्या मुंजीला घालावा तसा कोट घालून.

"उद्या एखाद्या मोठ्या कंपनीनं हेच केलं तर?" तरुणाने विचारले.

भाचेसाहेब तंत्रज्ञानाविषयी काही बोलू लागले, तेवढ्यात माझ्याने राहवले नाही. "मोठी कंपनी गुऱ्हाळावर येईल कशाला? तिथं धूर असतो."

हे उत्तर त्याला अतिशय आवडले असे दिसले, कारण त्याने ते लिहून घेतले. मग त्याने विचारले, "ह्यात एआय आहे का?"

"आहे," भाचेसाहेब म्हणाले.

पडदा बंद झाल्यावर मी म्हणालो, "कुठं आहे रे?"

"येणार आहे."

आणि प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी, कल्पना विलक्षण आहे, संस्थापक तळमळीचा आहे, मामा तर अस्सल आहेत, अशी स्तुतिसुमने उधळून झाल्यावर तो तरुण हळूच विचारी, "लीड कोण करतंय?" ह्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही. गुजरीतल्या सराफांनी इंग्रजी शाळेत जाऊन विचारावा तसा तो प्रश्न होता.

त्यांच्यापैकी दोघेजण यंत्र चालताना पाहायला आले. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर त्यांना नेले. पांढरेशुभ्र बूट घालून गुऱ्हाळावर येणारी माणसे गुळव्याने आयुष्यात प्रथमच पाहिली असावीत. त्याने एकवार बुटांकडे, एकवार चुलवाणाकडे पाहिले आणि काही न बोलता पुन्हा झारा उचलला. भाचेसाहेबांनी यंत्राची नळी काहिलीत सोडली. रस आटू लागला, फेस फुगला, बसला, वाफेने पाहुण्यांचे चष्मे आंधळे झाले. गुळव्याने थेंब पाण्यात टाकला, गोळी वळली, आपटली, कान दिला.

"उतरा."

आणि त्याच श्वासाला भोंगा वाजला. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. भाचेसाहेबांचा चेहरा असा झाला की पुढचे वाक्य मी थांबवायला हवे होते. परंतु गुळव्याला थांबवणारा अजून जन्मायचा होता. तो काहिलीकडे तोंड करूनच म्हणाला, "ते माझं ऐकून वाजलं."

पुढची तपासणी शेंगदाणे आणि गरम गुळावर झाली. वाफ्यात ओतलेल्या गुळातून लाकडी पट्टीवर निघालेला पिवळाधमक ऊन गोळा एका पाहुण्याने तोंडात घातला, आणि त्यानंतर त्याने बाजारपेठेचा आकार, नफ्याचे गुणोत्तर किंवा लीड ह्यांपैकी कशाचीही चौकशी केली नाही. मोटारीत बसताना दोघांच्याही हातात काकवीच्या बाटल्या होत्या. निर्णय कळवतो म्हणाले, आणि काही दिवसांनी कळवलाही: कोणी पहिला मिळाला तर ते दुसरे यायला तयार आहेत.

ही कोंडी फुटली ती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारांमुळे. त्यांनीही तोच सनातन प्रश्न केला, "आणखी कोण?" मी आयुष्यभर दस्तऐवजाच्या भाषेत बोललेला माणूस, मी म्हणालो, "गुजरीतल्या अमुक शेठजींनी दुसरा कोण मिळाला की या, असं सांगितलंय. पुण्याचा एक फंडही पहिला मिळाला की येतोय." ह्यात अक्षरही खोटे नव्हते. परंतु त्या कारखानदारांचे आणि सराफांचे एका देवस्थानच्या विश्वस्तपदावरून जुने वितुष्ट होते, हे मला ठाऊक नव्हते असे मी शपथेवर सांगणार नाही. त्यांनी टेबलावर बोटे वाजवली. "म्हणजे तो आत शिरतोय तर." आणि तिथल्या तिथे आकडा सांगितला. त्यानंतर आठवडाभरात सराफ आले, फंड आला, ज्यांचे फोन आम्हांला कधी लागले नव्हते त्यांचे फोन आम्हांला लागू लागले, आणि शिरोळचे पाहुणे पत्रिकेसह आले.

मग आला करारनामा. तो वाचायला मी मोठ्या उमेदीने बसलो, कारण मोडीतले खरेदीखत वाचलेल्या माणसाला इंग्रजी करारनाम्याचे भय कसले; परंतु मोडीत निदान कुठेतरी थांबा येतो. त्यातले एक कलम असे होते, की पुढे कंपनी विकली गेली तर आलेल्या रकमेतून आधी गुंतवणूकदारांनी आपापले पैसे काढून घ्यायचे, आणि मग उरले तर इतरांनी. पाने मांडल्यावर बसायला कोणी तयार नव्हते. श्रीखंड आल्याबरोबर मात्र पहिल्या पंक्तीचा लेखी हक्क. मी हे भाचेसाहेबांच्या आईला सांगितले. ती म्हणाली, "आणि पोराला काय?" मी म्हणालो, "वाढायचं." सुदैवाने एका बाबतीत काळ आमच्या बाजूचा होता. शेअरला वाजवीपेक्षा जास्त किंमत मिळाली तर वरच्या रकमेवर कंपनीकडूनच प्राप्तिकर घेण्याची जी तजवीज सरकारने 2012 साली केली होती, ती 2024 च्या जुलैतील अर्थसंकल्पात रद्द झाली. आमच्यासारख्यांना वाजवीपेक्षा जास्त किंमत कोणी शुद्धीवर असताना देईल, हे सरकारला बारा वर्षे पटत नव्हते; मला अजूनही पूर्णपणे पटलेले नाही.

पैसा मिळवणे एकवेळ सोपे. तो आल्यानंतर त्याच्याशी एका घरात नांदणे ही निराळीच साधना आहे. माझा दंडक असा, की चार आणे खर्चले तरी व्हाउचर, आणि व्हाउचरवर घेणाऱ्याची सही. भाचेसाहेबांच्या मंडळींचा दंडक असा, की मोबाइल पुढे करायचा आणि 'टिंग' असा आवाज आला की व्यवहार पूर्ण. महिनाअखेरीस मी बँकेचा उतारा घेऊन बसे आणि एकेका 'टिंग'चा जाब विचारीत असे. 'टीम स्पिरिट' म्हणजे मिसळ निघाली. 'ग्राहकसंपर्क' म्हणजे गुऱ्हाळमालकाच्या पोराच्या बारशाला दिलेला आहेर निघाला. डॉलरमध्ये महिन्याच्या महिन्याला कापली जाणारी एक रक्कम कशाची, ते कोणालाच सांगता येईना. ती बंद करावी म्हटले तर बंद करण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द ज्याच्याजवळ होता तो मुलगा नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढायला गेला होता.

पण खरा वाद झाला तो गुंतवणूकदारांना पाठवायच्या अहवालावरून. नोव्हेंबरात, हंगाम सुरू होताच, यंत्रांच्या भाड्याची बऱ्यापैकी रक्कम आली. भाचेसाहेबांनी तिला बाराने गुणले आणि 'वार्षिक उत्पन्न' ह्या मथळ्याखाली ठळक अक्षरांत मांडले.

"बाराने का?"

"वर्षाचे महिने बारा, मामा."

"गुऱ्हाळाचे?"

"तसं नसतं. ती पद्धत आहे."

"अरे, जूनमध्ये त्या काहिलीत कोंबड्या खुडूक बसलेल्या असतात. त्या देणार आहेत का भाडं?"

भाचेसाहेबांनी मला समजावले, की ही आकडेमोड प्रत्यक्ष उत्पन्नाची नसून दिशेची असते, आणि सर्व जग असेच गुणते. फौंड्रीत मी एका महिन्याच्या बिडाला बाराने गुणून मालकांपुढे ठेवले असते, तर त्यांनी माझ्या पगाराला शून्याने गुणले असते. शेवटी तडजोड झाली: गुणाकार त्यांचा राहिला, आणि खाली बारीक अक्षरांत 'हंगामाच्या अधीन' एवढे माझे दोन शब्द गेले. ते दोन शब्द शिरोलीच्या कारखानदारांनी तेवढे वाचले, फोन केला, आणि म्हणाले, "हिशेबनीस, ह्या कागदात खरं एवढंच आहे."

सांगायचे म्हणजे त्यांच्या तक्त्यानुसार आमच्याजवळ अकरा महिने पुरेल इतकी शिल्लक होती आणि माझ्या रोजकिर्दीनुसार गणपतीपर्यंत. सबब दुसऱ्या फेरीची तयारी लगोलग सुरू झाली, आणि त्या निमित्ताने भाडेकरूंचे अभिप्राय गोळा करण्यासाठी मी त्याच गुऱ्हाळावर गेलो. गुळव्या चिपाडाच्या ढिगाला टेकून, मुंडासे डोळ्यांवर ओढून गाढ झोपला होता. काहिल रटरटत होती. मी हवालदिल होऊन त्याला हलवणार, एवढ्यात भोंगा वाजला. तो उठला, थेंब पाण्यात टाकला, गोळी आपटली, "उतरा" म्हणाला, आणि मला पाहून जरा ओशाळला.

"चालतंय का यंत्र?" मी विचारले.

"त्येला गुळातलं काय कळत न्हाई. पर जागं लई येळंवर करतंय." मुंडासे सारखे करीत तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोरगं परत पैसं गोळा करतंय म्हनं. मी घालतो की पन्नास हजार. ब्यांकेतनं देतो, रोख न्हाई, मला समदं ठावं हाय."

मी वहीच काढली. "आणखी कोण देतंय ते विचारायचं नाही का?"

"त्येचं मला काय करायचं? पर दोन गोष्टी हाईत. भोंगा लई कर्कश हाय, त्येच्या जागी हलगी वाजली पायजे." ही मागणी मी नोंदवून घेतली. "आणि कागदावर सही मामांची पायजे. पोरगं शिकलेलं हाय. त्येचा काय भरवसा?"